हातचा कुठे जातो?

पत्र

स. न. वि. वि.
माझं वय 52. गेल्या 15 वर्षांत दोन्ही कानांचं ऐकणं हळूहळू कमी होत गेलं. 7 महिन्यांपूर्वी उजव्या कानात कॉक्लिअर इम्प्लांट बसवलं. डाव्या कानाला जुनं श्रवणयंत्र आहे, ते हल्ली बहुधा डबीतच असतं. आता शब्द ऐकू येतात. तपासणीच्या खोलीत तर वाक्यंही बरोबर म्हणून दाखवते. पण ऑफिसात (मी हिशेब विभागात आहे) कुणी चार गोष्टी सांगितल्या की चौथी ऐकेपर्यंत पहिली निघून गेलेली असते. संध्याकाळपर्यंत डोकं इतकं जड होतं की घरी पाऊल ठेवलं की प्रोसेसर (इम्प्लांटचं बाहेरून लावायचं यंत्र) काढून ठेवते, तो सकाळीच लावते. मागच्या महिन्यात स्मरणशक्तीची चाचणी करून घेतली, गुण कमी आले. तेव्हापासून झोप उडाली आहे. ऑपरेशनमध्ये मेंदूला काही झालं असेल का? की ही विस्मरणाची सुरुवात?
ता. क. माझ्या जावेच्या तीन वर्षांच्या मुलाला पुढच्या महिन्यात इम्प्लांट बसणार आहे. त्याच्या लक्षावरही असाच परिणाम होईल का?
(कृपया नाव छापू नये.)

उत्तर

आधी तुमच्या झोपेचं बघू. ऑपरेशनमध्ये मेंदूला कुणी हात लावलेला नाही. कानामागच्या हाडातून वाट काढून इलेक्ट्रोडची बारीक तार कॉक्लिआत, म्हणजे आतल्या कानातल्या शंखासारख्या वेटोळ्यात सरकवतात, आणि तिला जोडलेली चकती कातडीखाली कवटीच्या हाडावर बसते. मेंदू त्या वाटेवर लागत नाही. भूल दिल्यानंतर काही दिवस डोकं मंद वाटू शकतं, वयस्कांना जरा जास्त, पण सात महिन्यांनंतर त्या भुलीवर खापर फोडता येणार नाही.

राहिली दुसरी भीती. एका पत्रावरून निदान करणारी मी कोण? पण तुम्ही लिहिलंय ते नीट वाचलं तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. कागदावरचे आकडे विसरते, वाचलेलं आठवत नाही, ठेवलेली वस्तू सापडत नाही, असं तुम्ही कुठेच म्हटलेलं नाही. निसटतंय ते फक्त ऐकलेलं. मला वाटतं, तुमची स्मरणशक्ती होती तेवढीच आहे. तिच्यातला मोठा वाटा ऐकण्यातच खर्ची पडतो आणि लक्षात ठेवायला उरतं ते थोडं.

तुम्ही हिशेबातल्या आहात, म्हणून हिशेबाच्याच भाषेत सांगते. वर्किंग मेमरी म्हणजे बेरजेतला हातचा. तो खात्यात कुठे लिहिलेला नसतो, पुढची ओळ होईपर्यंत मनात धरायचा असतो, आणि मध्येच कुणी हाक मारली की गेला. 1974 मध्ये ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या दोन मानसशास्त्रज्ञांनी या हातच्याचं जे चित्र मांडलं, ते थोड्याफार फरकाने आजही वापरात आहे. ऐकलेलं मनातल्या मनात घोळवत ठेवणारा एक भाग, पाहिलेलं धरणारा दुसरा, आणि लक्ष कुठे द्यायचं ते ठरवणारा त्यांच्यावरचा मुकादम. घोळवण्याची जागा फार तोकडी असते. साधारण दोन सेकंदांत जेवढं म्हणून होतं तेवढंच तिथे टिकतं. आणि हे सगळ्यांचंच, कान कसेही असोत.

आता इम्प्लांट त्या जागेत काय आणून टाकतं ते बघा. निरोगी कॉक्लिआत, हालचालीचे संकेत मज्जातंतूला देणाऱ्या आतल्या रांगेतल्या केशपेशी सुमारे 3,500 असतात. तुमच्या तारेवरचे इलेक्ट्रोड (तेच संकेत विजेने देणारी टोकं), कंपनीप्रमाणे, 12 ते 22. त्यातही वीज शेजारी पसरते, त्यामुळे एकमेकांपासून खरोखर वेगळ्या अशा वाटा बहुतेकांना आठ-दहाच्या पुढे मिळत नाहीत. एवढ्यावर माणसाला भाषा कळते हेच मुळात नवल आहे. 1995 मध्ये रॉबर्ट शॅनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चांगलं ऐकू येणाऱ्या लोकांना मुद्दाम फक्त चार पट्ट्यांत, म्हणजे जणू चारच वाटांत, कोंबलेलं बोलणं ऐकवलं. थोड्या सरावानंतर, शांततेत, त्यांना वाक्यं जवळजवळ पूर्ण कळली. यातला ‘शांततेत’ हा शब्द सोडू नका. तपासणीच्या खोलीत तुम्हाला वाक्यं येतात ती त्याच्याच जोरावर. ऑफिसात पंखा आहे, प्रिंटर आहे, शेजारच्या टेबलावर फोन चालू आहे, आणि आवाजाचा चढउतार इम्प्लांटमधून धूसर येत असल्यामुळे हा आवाज कुणाचा, तो कुणाचा हे सोडवणंही अवघड.

‘सात’ आणि ‘साठ’ यांत फरक केवढासा असतो? जिभेचं टोक दातांना लागलं की जरा मागे टाळूकडे वळलं, आणि शेवटी श्वासाचा एक हलका झोत. ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ यांची अर्धी वाट तर एकच. चांगलं ऐकणाऱ्याला यात काही ठरवावं लागत नाही, कानावर पडलं की कळलं. तुम्हाला ठरवावं लागतं. ‘सा...’ असं काहीतरी आलं. पुढे ‘हजार’ आलं. बिल यंत्राच्या दुरुस्तीचं आहे, सातात ते भागणार नाही, म्हणजे साठच. हा निकाल लागेपर्यंत ते अर्धवट ‘सा...’ ठेवायचं कुठे? हातच्यात. बोलणारा तोवर तिसऱ्या मुद्द्यावर पोचलेला असतो. स्वीडनमधले संशोधक येर्कर रोनबर्ग यांनी हेच सूत्र मांडलंय: कानावर पडलेलं आणि डोक्यात साठवलेलं चटकन जुळलं तर वर्किंग मेमरीला फारसं उठावं लागत नाही, जुळलं नाही की तिला कामाला लागावं लागतं. तुम्हाला ती दिवसातून शेकडो वेळा उठवावी लागते.

त्यात आपली मराठी. क्रियापद शेवटी, आणि हो की नाही ते त्याच्याही शेवटी. ‘मागच्या आठवड्यात आलेली ती दुरुस्तीची बिलं या महिन्याच्या खर्चात धरायची...’ इथपर्यंत सगळं मुठीत आवळून बसायचं, आणि मग पडलेल्या आवाजात ‘नाहीत’. वाक्याच्या शेवटी माणसाचा श्वास संपत आलेला असतो, आवाज उतरतोच. म्हणजे ज्या शब्दावर सगळं अवलंबून, तोच सगळ्यात पुसट. हिशेब विभागात एका ‘नाहीत’ची किंमत काय असते ते मी तुम्हाला काय सांगणार!

तुमचं ‘चौथी ऐकेपर्यंत पहिली निघून जाते’ हे वाक्य वाचलं आणि मला एक जुना प्रयोग आठवला. 1968 साली पॅट्रिक रॅबिट यांनी लोकांना आकड्यांच्या याद्या ऐकवल्या. पहिला अर्धा भाग स्वच्छ, दुसरा कधी स्वच्छ तर कधी खरखरीत. खरखरीतले आकडे लोकांना ऐकू येत होते, बरोबर म्हणताही येत होते. तरी खरखर असली की आठवताना निसटायचे ते आधीचे, स्वच्छ ऐकलेले आकडे! खरखरीतून आकडा सोडवण्यात एवढी मेहनत गेली की आधीचे घोळवायला सवडच उरली नाही. त्या माणसांचे कान ठणठणीत होते आणि स्मरणशक्तीही. तुमची पहिली गोष्ट जाते ती अशीच, चौथी सोडवताना.

हे कष्ट डोळ्यांत दिसतात, आणि हे मी अलंकारिक बोलत नाहीये. डॅनियल कानेमन आणि जॅक्सन बीटी यांनी 1966 मध्ये दाखवलं की एकेक आकडा लक्षात ठेवायला दिला की बुबुळाच्या मधली बाहुली दर आकड्यागणिक रुंदावत जाते आणि आकडे म्हणून टाकले की पुन्हा आक्रसते. ऐकण्याचे श्रम मोजायला आज प्रयोगशाळांत हीच खूण वापरतात. संध्याकाळच्या जडपणाबद्दल घरात कुणी ‘बसून तर असतेस दिवसभर’ म्हणालं असेल, तर त्यांना हे सांगा.

लक्षाची गोष्ट आणखी बारीक आहे. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मेंदूच्या स्कॅनरमध्ये आडवं पडलेल्या माणसांना स्पष्ट आणि मुद्दाम बिघडवलेली वाक्यं ऐकवली होती. कधी वाक्याकडे लक्ष द्यायचं, कधी दुसऱ्याच कशाकडे. स्पष्ट वाक्यं लक्ष नसतानाही थोडीफार मनात उतरली. बिघडवलेली वाक्यं लक्ष दिलं तरच उतरली, आणि तेव्हा कपाळामागचा मेंदू जास्त कामाला लागलेला दिसला. म्हणजे चांगल्या कानांच्या माणसाला जे सहज कानावर पडतं, सहकाऱ्यांचं शेजारचं बोलणं, ‘बैठक चारला ढकलली’ वगैरे, ते तुमच्यापर्यंत फुकटात पोचत नाही. प्रत्येक शब्दासाठी लक्षाचं नाणं मोजावं लागतं. मग लोक म्हणतात, ‘सांगितलं होतं की सगळ्यांसमोर, विसरलात वाटतं!’ तुम्ही विसरलेल्या नसता. ते तुमच्यापर्यंत आलेलंच नसतं.

आता ती चाचणी. ती तोंडी घेतली का, हा माझा पहिला प्रश्न. विस्मरणाच्या तपासणीसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘मोका’ चाचणीत पाच शब्द, आकड्यांच्या रांगा, जशीच्या तशी म्हणायची दोन वाक्यं, सगळं बोलूनच देतात. ऐकू कमी येणाऱ्या माणसाचे त्यात कान तपासले गेले की स्मरण, कुणी सांगावं? म्हणूनच अशा लोकांसाठी तिची लिहून दाखवायची रूपं निघाली. माझीही एक चूक कबूल करते. तोंडाला मास्क लावायच्या दिवसांत मी एका इम्प्लांटवाल्या गृहस्थांकडून आकडे म्हणवून घेतले होते. चारवर गाडी अडली. मी कागदावर ‘4’ लिहिलं आणि पुढे निघाले. त्यांच्या मुलीने हटकलं, ‘बाबांना सात आकडी नंबर पाठ होतात हो, बघून!’ मग पाठकोऱ्या चिठ्ठ्यांवर एकेक आकडा लिहून, सेकंदाला एक, त्यांच्या पुढ्यात ठेवत गेले. सहा आकडे सरळ, चार उलटे, न अडखळता. आवाजाचा पडदा बाजूला केला आणि स्मरण जिथल्या तिथे होतं.

हेच तुम्ही या रविवारी घरी करून बघा. कुणालातरी समोर बसवा. एकदा आकडे बोलून, एकदा चिठ्ठ्या दाखवून. दोन्हींत मोठी तफावत असली तर तो कागद तुमच्या ऑडिओलॉजिस्टना (श्रवणतज्ज्ञांना) दाखवा आणि स्मरणाची चाचणी लेखी सूचनांसह परत घ्यायला सांगा. मात्र चिठ्ठ्यांवरही गाडी अडायला लागली, किंवा वाचलेलं निसटायला लागलं, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळायला झालं, रोजच्या कामाचे टप्पे उलटसुलट व्हायला लागले, तर मेंदूविकार तज्ज्ञांकडे जाच. थायरॉइड, बी12, अपुरी झोप, उदासी यांनीही डोकं असंच वागतं आणि यांवर इलाज आहे. ऐकणं अचानक बदललं किंवा चक्कर सुरू झाली तर थांबूच नका.

डबीतलं ते डावं यंत्र बाहेर काढा! हे जरा दरडावूनच सांगते, कारण ही चूक फार जण करतात. इम्प्लांट आणि यंत्र यांचा आवाज सुरुवातीला जुळत नाही, म्हणून जुन्याला रजा मिळते. पण डाव्या कानात खालच्या पट्टीचं ऐकणं थोडं जरी उरलं असेल तरी इम्प्लांटला न जमणारा आवाजाचा चढउतार तो कान देऊ शकतो. दोन माणसं एकदम बोलत असताना कुणाचं ऐकायचं हे ठरवायला त्याचाच आधार होतो. आधी दोन्हींचं सेटिंग एकमेकांशी जुळवून घ्या.

संध्याकाळी प्रोसेसर काढता ते मला समजतं, पण सकाळपर्यंत नको. अर्धा तास काढा, डोळे मिटून पडा, मग परत लावा. हे नवं ऐकणं मेंदू तासांच्या हिशेबाने शिकतो. तुम्ही किती तास लावलं त्याची नोंद प्रोसेसर ठेवतो आणि मॅपिंगच्या, म्हणजे इम्प्लांटचं सेटिंग लावायच्या, वेळी ती आम्हा तपासणाऱ्यांना दिसते, तेव्हा लपवून उपयोग नाही. पहिलं वर्षभर सुधारणा होत राहते. तुमचा आता सातवा महिना चालू आहे. ओळखीचा मजकूर रोज वीस मिनिटं, आधी समोर छापील पान ठेवून आणि मग पान मिटून ऐकलात, तर शब्द ओळखायचा वेळ कमी होईल. तो कमी झाला की तेवढा हातचा मोकळा.

ऑफिसात ‘परत सांगा’ म्हणू नका. लोक तेच वाक्य तेवढ्याच घाईने, फक्त मोठ्याने म्हणतात. जे कळलं ते म्हणून दाखवून, अडलं तेवढंच विचारा: ‘दुरुस्तीची बिलं कळली. धरायची की नाही धरायची?’ ‘एकोणसाठ की एकोणसत्तर? पाच-नऊ की सहा-नऊ?’ समोरचा एक शब्द बोलतो आणि बाकीचं तुमच्या हातातून सांडत नाही. बैठकीचे मुद्दे आधी लेखी मागा. विषय माहीत असला की अंदाज बरोबर लागतात, आणि अंदाज बरोबर लागला की मुकादमाला धावावं लागत नाही. दोन मुद्द्यांच्या मध्ये क्षणभर थांबायला सांगा. त्या थांबण्यात मेंदू उधारीवर ठेवलेलं सोडवतो. प्रोसेसरला जोडणारा रिमोट माइक मिळतो. तो बोलणाऱ्याच्या गळ्याशी लावायचा, त्याचा आवाज पंखा-प्रिंटरला वळसा घालून थेट तुमच्यापर्यंत येतो. वरिष्ठांना तो लावायला सांगताना पहिल्यांदा संकोच वाटेल. सांगा.

‘मेंदूचा व्यायाम’ करवणाऱ्या मोबाइल ॲपवर पैसे घालू नका. त्या खेळात माणूस तरबेज होतो, पण तो फायदा रोजच्या बोलण्याचालण्यापर्यंत पोचल्याचा भक्कम पुरावा नाही.

इम्प्लांटने स्मरण बिघडतं का, या मूळ प्रश्नाला उलट्या बाजूने मिळालेलं एक उत्तरही सांगते. फ्रान्समध्ये 65 ते 85 वयाच्या 94 जणांना इम्प्लांटच्या आधी आणि नंतर तपासलं गेलं. निष्कर्ष 2015 मध्ये छापून आले. आधी ज्यांचे गुण कमी होते, त्यांतले 80 टक्क्यांहून अधिक जण वर्षभरात सुधारले. तुलनेसाठी इम्प्लांट नसलेला गट त्यात नव्हता आणि तीच चाचणी पुन्हा दिली की गुण थोडे चढतातच, त्यामुळे मी या आकड्यावर नाचणार नाही. पण इम्प्लांटने डोकं कमी केलं, असं त्यातून नक्कीच दिसत नाही.

जावेच्या मुलाचं गणित तुमच्यापेक्षा वेगळं आहे. तुम्ही ऐकून भाषा शिकलात आणि मग कान गेले. त्याला भाषाच अजून घडवायची आहे. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात डेव्हिड पिसोनी आणि विल्यम क्रोनेनबर्गर यांनी इम्प्लांट बसवलेल्या मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. या मुलांची ऐकलेले आकडे धरून ठेवायची क्षमता सरासरीने कमी निघाली. जी मुलं सावकाश बोलत त्यांची आणखी कमी, कारण मनातलं घोळवणंही त्याच चालीने चालतं. 2014 च्या त्यांच्या अहवालात लक्ष, वर्किंग मेमरी, आखणी अशा गोष्टींत अडचण येण्याचा धोका इतर मुलांच्या दुप्पट ते पाचपट दिसला. आकडा घाबरवणारा आहे, पण बरीच मुलं इतरांच्या बरोबरीनेही होती, हे त्याच कागदावर आहे.

आणि याचं खापर इम्प्लांटवर फोडायचं कारण नाही. जन्मापासून खाणाखुणांची भाषा मिळालेल्या बहिऱ्या मुलांमध्ये, बहिऱ्या आईबापांच्या घरातल्या, अशा अडचणी ऐकू येणाऱ्या मुलांपेक्षा जास्त आढळल्या नाहीत, असं 2017 चा एक अभ्यास सांगतो. नुकसान होतं ते भाषेविना गेलेल्या दिवसांनी. ऐकण्याच्या बाजूनेही वेळ महत्त्वाची. साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट बसलं तर मेंदूचा आवाजाला मिळणारा प्रतिसाद बहुतेक मुलांत काही महिन्यांत वयाप्रमाणे होतो, सातनंतर बहुधा होत नाही, असं संशोधक अनू शर्मा यांच्या कामातून पुढे आलंय. तीन वर्षं म्हणजे तुमच्याकडे वेळ आहे, पण तारीख पुढे ढकलण्याइतका नाही.

मशीन चालू होईपर्यंत मुलाशी बोलून काय उपयोग, असं जाऊबाईंना वाटत असेल तर तेवढं मोडून काढा. त्याच्या नजरेच्या रेषेत बसून, हातवारे, खुणा, चित्रं, चेहरा, जे हाताशी असेल ते वापरून त्याला गोष्टी सांगायच्या, त्याच्याकडून सांगून घ्यायच्या. स्विच ऑन झाल्यावर जागेपणी सतत प्रोसेसर. आणि पुढे शाळेतून ‘लक्ष देत नाही’ अशी चिठ्ठी आली, तर आधी बाई फळ्याकडे तोंड करून बोलतात का ते बघून यायचं.